कॅझ डुडेक आणि आठवा कोच

पोर्ट हॅनोव्हरमध्ये स्टोकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा मुख्य कोच नेमतात संघाच्या मालकीणबाई, पण काढतो कॅझ डुडेक, असं लोक म्हणत. कॅझ मात्र नम्रपणा दाखवी. "मी कोण काढणारा? मी आपला फोन करतो," असं म्हणून तो मिशीतल्या मिशीत असा हसे, की ऐकणाऱ्याची उरलीसुरली शंकाही फिटावी.

चौतीस वर्षं दारोदार टपाल वाटून निवृत्त झालेला हा माणूस. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसे, रेडिओ बारीक करी आणि खेळाच्या कार्यक्रमाला फोन लावी. निवेदक मिक बर्गन इतरांना अर्धा अर्धा तास ताटकळत ठेवायचा, पण कॅझला नाही. "आला बघा, पुलास्की स्ट्रीटचा कॅझ!" मिक ओरडला की अख्खं शहर कान टवकारायचं. कॅझ मग तीन मिनिटं कोचचे वाभाडे काढी, फोन ठेवी, आणि गार झालेली कॉफी मोठ्या समाधानाने पिऊन टाकी. बायको लॉरेटा म्हणे, "कोबी चिरून दिला असतास तर तेवढंच पुण्य लागलं असतं."

अठरा वर्षांत सात कोच घरी गेले. एक जण सामना हरल्यावर हसत होता म्हणून, एकाने या गावात फार थंडी आहे असं जाहीरपणे म्हटलं म्हणून. पण कॅझचा खरा राग एकाच गोष्टीवर होता. आपल्या खेळात दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. तीन प्रयत्नांत नऊ यार्ड झाले, एक उरला, म्हणजे गडी नुसता पुढे पडला तरी पार होईल एवढं अंतर. अशा वेळी कोच काय करतो? लाथ मारणाऱ्याला मैदानात धाडतो आणि चेंडू लांब उडवून समोरच्यांच्या हवाली करतो. कारण सरळ आहे. प्रयत्न फसला तर शिव्या कोचला पडतात, लाथ मारली तर कोणालाच पडत नाहीत. पोर्ट हॅनोव्हरमध्ये मात्र पडत, आणि त्याची सगळी व्यवस्था कॅझ बघत असे. "एका यार्डाला भिणारा माणूस," तो म्हणायचा, "कुत्रं भुंकलं तर पत्र न टाकता परत फिरेल. असला माणूस टपालखात्यात एक दिवस टिकला नसता."

त्या जानेवारीत, हंगामातला शेवटचा सामना संपला आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, सातव्याला नारळ मिळाला. गावात सणासारखं वातावरण होतं. आपला संघ खेळण्यापेक्षा कोच काढण्यात जास्त पटाईत आहे, हे कोणी बोलत नव्हतं एवढंच. बेकरीवाल्याने कॅझकडून डोनटचे पैसे घेतले नाहीत. नवा कोच कोण येतोय ते बघायला कामधंदा सोडून लोक विमानतळाच्या कुंपणाबाहेर दुर्बिणी लावून उभे राहिले. कुठल्या गावाहून कोणाचं छोटं विमान उतरतंय, आणि त्यातून सुटाबुटातला कोण बाहेर पडतोय, याच्या बातम्या दर तासाला रेडिओवर येऊ लागल्या.

मंगळवारी मिकने मुलाखतीला बोलावलेल्या पाच जणांची नावं वाचली. चौथं नाव होतं ग्रेडी टॉलिव्हर.

लॉरेटाच्या हातातली सुरी थांबली. कॅझने रेडिओ बंद केला. ग्रेडी टॉलिव्हर हा त्यांचा जावई.

एकुलती एक मुलगी मार्सी बारा वर्षांपूर्वी या ओक्लाहोमाच्या उंच, अबोल माणसाशी लग्न करून गेली, ती गेलीच. कोच मंडळींचा संसार म्हणजे पाठीवरचं बिऱ्हाड. मुख्य कोच गेला की हाताखालचे वीस जण त्याच्या मागोमाग घालवले जातात. बारा वर्षांत सहा गावं झाली. नात टेसा नऊ वर्षांची होती आणि चौथ्या शाळेत होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी डुडेकांच्या टेबलावर मासे आणि पिरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, मांडले जात तेव्हा मार्सी कधीच नसे, कारण नाताळात सामने असतात. फोनवर टेसा, आजोबांना पोलिशमध्ये म्हणतात तशी, "जाजा" अशी हाक मारी, ती ऐकली की कॅझ घाईघाईने हवेबद्दल बोलू लागे.

जावई कोच आहे हे पुलास्की स्ट्रीटला ठाऊक होतं. पण पुलास्की स्ट्रीट आपल्या माणसाचं बाहेर बोलत नाही.

संध्याकाळी मार्सीचा फोन आला.

"डॅड, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मालकीणबाई गाडीत मिकचाच कार्यक्रम लावतात. तुला माहितीये, मला माहितीये. माझं एकच ऐक. शुक्रवारी नाव ठरेल, तोपर्यंत मिकला फोन करू नकोस. शिव्या देऊ नकोस, स्तुती करू नकोस, काहीच नको. जमेल?"

"मी काय लहान आहे?"

"डॅड, मला घरी यायचंय रे," मार्सी म्हणाली.

कॅझने शब्द दिला. त्याला मुलगी घरी हवी होती, दुसरं काही नको होतं. अडचण एकच होती. जावई त्याला माणूस म्हणून आवडे, पण कोच म्हणून तो भित्रा आहे, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पाच वर्षांपूर्वी ग्रेडी एका लहानशा कॉलेजच्या संघाचा मुख्य कोच होता, तेव्हा कॅझ नऊ तास गाडी हाकून सामना बघायला गेला होता. एक यार्ड हवा असताना जावयाने त्या दिवशी तीन वेळा लाथ मारणाऱ्याला पाठवलं. तिन्ही वेळा कॅझने ओठ गच्च मिटून घेतले. जेवताना ग्रेडीने विचारलं, "मिस्टर डुडेक, कसा वाटला सामना?" कॅझ म्हणाला, "हवा छान होती."

बुधवारी चार दहाला फोन गेला नाही. मिकने दोनदा विचारलं, "कॅझ, आहेस का रे बाबा?" गुरुवारी सकाळी बातमी पसरली की कॅझ डुडेक अंथरुणाला खिळलाय. दहा वाजेपर्यंत तो अत्यवस्थ झाला होता. अकरा वाजता शेजारची मिसेस व्हिल्क भलं मोठं भांडं भरून नूडल्स घेऊन आली, आणि दारात धडधाकट कॅझला बघून तिचा चेहरा पडला.

"हे काय, चालतोयस की!"

"माफ कर, हेलन. उद्या मरतो."

"नूडल्स ठेवू का परत नेऊ?"

"ठेव," आतून लॉरेटा म्हणाली. "चाळीस वर्षं मी याला गप्प बस म्हणतेय. ते सुख साजरं करायला काहीतरी हवंच."

दुपारपर्यंत पाचांतले दोन उरले होते, ग्रेडी आणि एक म्हातारा, नावाजलेला, तीन संघांतून हाकललेला गृहस्थ. मालकीणबाईंचं मन ठरत नाही म्हणे. चार वाजता कॅझने नुसतं ऐकायला म्हणून रेडिओ लावला. कोणीतरी रेमंड नावाचा इसम बोलत होता.

"मिक, आपला कॅझ आज हयात असता..."

"आहे रे तो हयात!"

"असेल. पण त्याने या टॉलिव्हरला उभा जाळला असता. मी जुन्या सामन्यांची चित्रफीत बघितलीय. एक यार्ड हवा असताना एका सामन्यात तीनदा लाथ मारली त्याने! तीनदा! कॅझच्या वतीने मी सांगतो, हा माणूस या गावात नको."

रेमंडचा शब्द न शब्द खरा होता. कॅझने तो स्वतः याहून चांगला मांडला असता, आणि मालकीणबाई कुठेतरी गाडीत बसून हे ऐकत होत्या. कॅझने फोन उचलला.

"कॅझ, नको," लॉरेटा म्हणाली.

"कॅझ!" मिक ओरडला. "अरे जिवंत आहेस!"

"आहे. आणि त्या रेमंडला सांग, माझ्या वतीने बोलायला मी अजून मेलो नाही." "टॉलिव्हर चांगला आहे. त्यालाच घ्या."

रेडिओवर तब्बल चार सेकंद कोणी बोललं नाही. त्या केंद्राच्या इतिहासात असं प्रथमच झालं असावं.

"आणि ते एका यार्डाचं?" मिकने भीत भीत विचारलं.

"त्याला हिंमत लागते," कॅझ म्हणाला. "सत्तर हजार लोक बोंबलत असताना चेंडू शांतपणे देऊन टाकायला जी हिंमत लागते, ती तुझ्यात नाही आणि माझ्यातही नाही. आयुष्यभर मी उलटं समजत होतो. म्हातारपणी माणसाला अक्कल येते."

त्याने फोन ठेवला. लॉरेटाने नूडल्स गरम करायला ठेवले.

शुक्रवारी ग्रेडी टॉलिव्हरची नेमणूक झाली. मालकीणबाई पत्रकारांपुढे म्हणाल्या, "गावातल्या सर्वांत कठोर टीकाकाराचंही मत आम्ही लक्षात घेतलं." मार्सीचा फोन आला, ती रडत होती आणि हसत होती. "डॅड, तू शब्द मोडलास. पण तुला खरंच ग्रेडीबद्दल असं वाटतं?"

"वाटतं म्हणूनच बोललो ना," कॅझ म्हणाला.

रविवारी वर्तमानपत्राने मार्सीच्या लग्नाचा फोटो छापला. नवरदेवाशेजारी भाड्याच्या कोटात कॅझ उभा होता. मग काय विचारता! बेकरीवाल्याने डोनटचे पैसे मागितले, मागच्या वेळचेही. कोणी त्याला "सासरेबुवा" म्हणून हाक मारू लागलं, कोणी नुसतंच बघून थुंकलं. सगळ्यांत जास्त मिक दुखावला. तो कार्यक्रमात एवढंच म्हणाला, "मला वाटायचं, या गावात एक तरी माणूस खरं बोलतो." कॅझने पुन्हा फोन केला नाही. चार दहाला तो टेसाला शाळेतून आणायला जाऊ लागला, आणि वाटेत गाडीतला रेडिओ बंद ठेवू लागला. ग्रेडी आणि मार्सीने दोन गल्ल्या सोडून घर घेतलं होतं. शुक्रवारी सगळे मिळून चर्चच्या तळघरात तळलेले मासे खायला जात. मार्सी आईशी पिरोगीच्या सारणावरून भांडे, आणि कॅझ ते भांडण गाणं ऐकावं तसं ऐकत बसे. गाव तोंडावर थुंकत होतं आणि कॅझ सुखात होता, आणि या सुखाची त्याला थोडी लाजही वाटे.

सप्टेंबरात पहिला सामना आला. जन्मभर वरच्या पायऱ्यांवर, वाऱ्यात बसलेला कॅझ त्या दिवशी कोचांच्या कुटुंबांच्या रांगेत, गादीच्या खुर्चीवर बसला. एका बाजूला मार्सी, दुसऱ्या बाजूला टेसाला घेऊन लॉरेटा, पुढेमागे हाताखालच्या कोचांच्या बायका. कॅझने एक गोष्ट टिपली. काही झालं तरी या बायकांचे चेहरे हलत नव्हते. कॅमेरा आपल्यावर फिरतो हे त्यांना पाठ होतं.

खेळ संपायला चार मिनिटं होती. स्टोकर्स तीन गुणांनी मागे होते. तीन प्रयत्न झाले, एक यार्ड उरला. सगळं मैदान उभं राहिलं. ग्रेडीने खाली काठावर दोन क्षण जमिनीकडे बघितलं आणि लाथ मारणाऱ्याला खूण केली.

सत्तर हजार गळ्यांतून जो आवाज निघाला तो कॅझने आयुष्यभर आतून ऐकला होता, बाहेरून पहिल्यांदाच. मागच्या रांगांतून कोणीतरी ओरडलं, "हिंमत लागते म्हणे, कॅझ! हीच का ती हिंमत?" लोक हसले. टेसाने लॉरेटाचा हात घट्ट धरला. कॅझने मार्सीकडे बघितलं, तिला धीर द्यावा म्हणून. मार्सीचा चेहरा दगडासारखा होता. ओठ न हलवता ती बोलत होती.

"सकाळी मी त्याला सांगितलं होतं. एक यार्ड असेल तर पुढे जा. ऐकत नाही. यात तो भित्राच आहे, डॅड. पहिल्यापासून." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुला माहीत होतं ना?"

कॅझला आता खोटं बोलण्याचा कंटाळा आला होता.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"आणि तरी फोन केलास."

"मला तू घरी हवी होतीस, पोरी."

मार्सीने त्याच्याकडे बघितलं नाही, कॅमेरा होता. पण खाली, खुर्च्यांच्या मधे, तिने त्याचा हात धरला. लाथ बसली, चेंडू उंच उडाला, आणि बोंब आणखी वाढली.

"या गावात किती वेळ आहे रे आमच्याकडे?" तिने विचारलं. "तुझ्याइतकं कोणाला कळतं यातलं?"

कॅझने मनात हिशोब केला. सात कोच, अठरा वर्षं. प्रत्येकाला सरासरी अडीच. त्या सातांपैकी प्रत्येकाची बायको, पोरं, म्हातारे सासूसासरे कुठेतरी असाच हिशोब करत बसले असतील, हे इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"तीन वर्षं," तो म्हणाला. त्याने अर्धं वर्ष वाढवून सांगितलं.