चाकाच्या नटाचे चार शब्द

माझी पोस्टिंग डोंगरातल्या लष्करी फील्ड हॉस्पिटलला होती. मी नर्सिंग ऑफिसर, गाव फैजपूर. अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर भटू, हुद्दा नाईक, शिरपूरकडचे. चारचौघांत मला 'मॅडम' म्हणत, गाडीत 'अक्का'.

रोज सकाळी सहाला ते चाकं तपासत आणि मी चहा घेऊन तिथंच उभी. आता तुम्ही-आम्ही नट 'टाइट केला' म्हणून मोकळे होतो ना? भटूभाऊंना ते चालायचं नाही. लाव, म्हणजे नुसत्या बोटांनी. टेकव, म्हणजे नट रिमला भिडेपर्यंत. आवळ, म्हणजे पान्यानं, समोरासमोरचे नट धरून, पण चाक जॅकवर असताना. आणि कस, म्हणजे चाक जमिनीवर आल्यावर, अंगाचं वजन टाकून.

"आधीच कसी टाकं तं चाक वाकडं बसस," म्हणायचे.

"भटूभाऊ, एवढे शब्द आमच्या औषधांनाही नाहीत हो!"

"औषध चुकनं तं एक जास, अक्का. चाक चुकनं तं गाडीमधला बठ्ठा जातस."

त्या दिवशी दुपारी दोन वीसला निघालो. मागे स्ट्रेचरवर एक जवान, अपेंडिक्स फुटलेला. सर्जन खालच्या हॉस्पिटलात. दोन चाळीसला एका वळणावर वरून दगड आले आणि पुढचा टायर फाटला. भटूभाऊ बघायला उतरले. दुसरा दगड त्यांच्या पोटावर बसला.

बाहेर रक्त थेंबभर नाही. पोट मात्र फळीसारखं कडक होत चाललेलं. आत रक्तस्राव, सर्जनशिवाय इलाज नाही. त्यांना गाडीत आडवं केलं, सलाइन लावलं. गावी ट्रॅक्टर चालवलेला होता, म्हणून फाटक्या टायरवरच गाडी पुढे मोकळ्यात घेतली. मी वायरलेस सेटवर बोलले.

"ड्रायव्हर कॅज्युअल्टी. टायर गेला. गाडी पाठवा. ओव्हर."

"दुसरी गाडी एक तास. ओव्हर."

एक तास आमच्याजवळ नव्हता. जॅक लावला, स्टेपनी चढवली. दार उघडं होतं. आतून आवाज आला, "लाव."

लावले.

"टेकव."

टेकवले.

"आवळ."

आवळले, आणि घाईघाईत पान्यावर पाय दिला. पाना वाजला तसे ते म्हणाले, "चाक आजून अधर शे, अक्का. घाई नको."

पाय काढला. जॅक उतरवला. चाक जमिनीला लागलं. पाना नटावर ठेवून मी थांबले. चौथा शब्द आला नाही.

मग तो मीच म्हटला, मोठ्यानं. सहाही नट कसले आणि गाडी हाकली.

तीन बत्तीसला हॉस्पिटलच्या दारात. जवान वाचला. नाईक भटू गेलेले होते. चाकासाठी मी थांबले नसते तर? सर्जन म्हणाले, फरक पडला नसता. मी अजून विचार करते. चाक मात्र शेवटपर्यंत हललं नाही.

आता फैजपूरला भावाच्या पिकअपमधून केळी जातात. चाक बदललं की टायरवाला नटांना हवेची गन लावतो, दोन सेकंदांत म्हणतो, "झालं टाइट, अक्का." मी म्हणते, गाडी खाली घे आधी. मग पाना मागते आणि तो शब्द मोठ्यानं म्हणते.

परवा त्यानं भावाला हळूच विचारलं, "अक्का कोणाशी बोलतात?"

भाऊ म्हणाला, "ड्रायव्हरशी."