बारानंतरचं भोजनदान

मेहकरहून डोणगावकडे निघालेली बस मध्येच बंद पडली. उरलेली वाट मी सोयाबीनच्या शेतांच्या कडेने पायी तुडवली. वर्षावासातली (भिक्खू पावसाळ्यात एकाच जागी राहतात त्या काळातली) पौर्णिमा होती. गावाबाहेरच्या विहारात दानपारमितेवर (दानाच्या परिपूर्णतेवर) प्रवचन होतं, ते ऐकायला मी नाशिकहून आलो होतो.

पोचलो तेव्हा प्रवचन अर्ध्यावर आलं होतं. भंते सांगत होते, देणाऱ्याला पुढे संपत्ती लाभते; पण कुरकुरत दिलं असेल, तर संपत्ती येते आणि ती भोगायचं मन येत नाही. मी दरवर्षी दान देतो आणि फलकावर आपलं नाव नीट लिहिलंय का, हेही पाहतो. मी जरा अवघडून बसलो.

प्रवचन संपवताना भंतेंनी देणाऱ्याला संपत्ती लाभते हे पुन्हा सांगितलं, तेवढ्यात दारात एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, डोक्यावर डबा. नाल्यापलीकडच्या वस्तीवर राहणाऱ्या शेतमजूर सुशीलाबाई, असं शेजारच्याने सांगितलं.

"भंते, जेवन आनलं जी. नाल्याले पानी होतं, उतरेपर्यंत थांबा लागलं."

साडेबारा वाजून गेले होते. भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत.

"माई, वेळ टळली," भंते हळू आवाजात म्हणाले. "मला आता घेता येणार नाही."

त्यांनी डबा खाली ठेवला. "दरसाली आमी दोघं आनत होतो. मालक चैतात गेले. जाताना म्हनले, एवढं चुकवू नोको."

भंते माझ्याकडे वळले. "तुम्ही जेवलात?"

"नाही. बस बंद पडली, पायी आलो."

"माई, यांना वाढा. दान तेच आहे."

"मी कुठे भिक्खू आहे?" मी म्हणालो.

"पायी आले ना तुमी? मंग बसा," सुशीलाबाई म्हणाल्या.

ज्वारीची भाकर, बरबटीची (चवळीची) उसळ, शेवयांची खीर. मी जेवत असताना त्यांनी भंतेंना विचारलं, "याचं पुन्य त्याईले पोचते का?"

"पोचतं."

"मंग मले संपत्ती नाई भेटली तरी चालते."

जेवण झाल्यावर भंतेंनी पुण्यानुमोदन (दानाचं पुण्य मृताच्या नावे अर्पण करण्याचा विधी) केलं. त्यांनी गेलेल्याचं नाव विचारलं. सुशीलाबाई थांबल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडाने घेतलं नसावं. मग पदर सावरून म्हणाल्या, "किसन."

संध्याकाळच्या बसने परतलो. आजवर कितीतरी विहारांत मी दान द्यायला गेलो, घ्यायला कधीच नाही. किसनसाठी रांधलेलं अन्न माझ्या पोटात होतं. त्या अन्नाला शोभेल असं जगणं हे आता माझ्यावर देणं होतं.