बावन्नाव्या वर्षी राजकन्या

आमच्या देवळाच्या वर्धापनदिनाला दुपारी बायकांनी दशावतार करायचा ठरला, तेव्हा भूमिका वाटायला महिला मंडळाला फारसा वेळ लागला नाही. तरुण सुनांना राजा, राजकन्या, सख्या. पन्नाशीपुढच्या आम्हा सगळ्यांना राक्षस, ऋषी आणि दासी.

"वयनी, तू राक्षस," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "तुझो आवाज खाणावळीतून तिठ्यापर्यंत आयकाक येता."

खाणावळ माझी, आवाजही माझा. त्याबद्दल तक्रार नव्हती. पण मला राजकन्या व्हायचं होतं. त्याला कारण आमच्या शेजारचे भावजी. ते दशावतारात बायकांच्या भूमिका करतात. वय अठ्ठावन्न, दोन नातवंडं, गुडघ्याला पट्टा. दर हंगामात ते सोळा वर्षांची राजकन्या होतात आणि सारा गाव माना डोलावतो. मी बावन्नची, शिवाय बाई, आणि मी राक्षस. हे मी बैठकीत बोलून दाखवलं.

"ते बापये, काकी. तेंका चलता," राजा व्हायला निघालेली सून म्हणाली.

सगळ्या हसल्या. मी काही हसले नाही. शेवटी अध्यक्षीणबाईंनी निकाल दिला, "बरा. यंदा कर राजकन्या. पण लोक हसले तर फुडल्या वर्षापास्ना तू राक्षस. कायमचो."

मी भावजींकडे गेले. ते घरापुढच्या खळ्यात बसून सुपारी कातरत होते. त्यांच्या आरशासमोर बसून मी तोंडाला रंग लावायला घेतला, तशी त्यांनी डबी काढून घेतली.

"भिंत सारवतंस काय? जाड लावलंस तर रंग सुरकुतीत साचता आणि चिरा पडतत. पातळ लाव."

"पातळ लावलंय तर सुरकुत्यो दिसतत."

"दिसांदे. माझ्यो दिसनत नाय? लोक मान बगतत. खाली मान घालून इलंस तर तू पाणी वाढूक इलंस. वर ठेवलंस तर राजकन्या."

"आणि केस?" केस काळे करायच्या रंगाचं पाकीट जाऊबाईंनी आदल्याच दिवशी आणून ठेवलं होतं.

"तां तुझा तू बग. माझो टोप आसा."

"बरा. तुमची नथ देतास काय?"

"नथ देवचंय नाय," ते चटकन म्हणाले. शिकवणी तिथेच संपली.

पाकीट मी फोडलं नाही. त्यात बाणा वगैरे काही नव्हता. देवळातल्या पाहुण्यांचं जेवण माझ्याकडे होतं. डोकं माखून बसायला फुरसत कुणाला? दुपारी गजरा माळून आरशात पाहिलं. कानशिलांवरचे पांढरे पट्टे चांगले ठसठशीत दिसत होते. अबोलीला शोभत होते, खरं सांगायचं तर.

दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. गोष्ट ठरलेली, आमची स्वयंवराची; बोलायचं ज्याचं त्यानं. राजा तलवार टेकत पुढे आला. एरवी मालवणीशिवाय न बोलणारी ती सून मिशी लागताच एकदम पुस्तकी झाली.

"हे लावण्यवती, तुझ्या काळ्याभोर केशसंभारात हे रुपेरी काय बरे चमकते आहे?"

सगळा मंडप खो खो हसायला लागला. आपला प्रवेश आटोपून पहिल्या रांगेत बसलेल्या अध्यक्षीणबाईसुद्धा. लोक हसले म्हणजे राक्षस. करार मला पाठ होता. माझी मान आपोआप खाली जायला लागली. अध्यक्षीणबाईंच्या मागे भावजी हाताची घडी घालून बसले होते. त्यांनी फक्त हनुवटी वर केली. मग मीही केली.

"महाराज," मी खाणावळीचा आवाज लावला, "मांडव घालून मी आपली वाट पाहत बसले होते. आपण एवढा उशीर केलात की केस पांढरे झाले. आता वरमाला हवी असेल, तर आधी उशिराचं कारण सांगा!"

राजाने तलवार या हातातून त्या हातात घेतली. घामाने मिशीचं एक टोक सुटून ओठावर लोंबायला लागलं.

"सांग रे मेल्या! खंय होतस इतकी वर्सा?" मागून एक म्हातारी ओरडली.

मंडप पुन्हा हसला. राजाने सगळ्यांसमोर कान धरले, तेव्हा कुठे मी माळ घातली.

खेळ संपल्यावर मी अध्यक्षीणबाईंना गाठलं. "लोक हसले. मग मी राक्षस काय?"

"लोक राजाक हसले," दाढी सोडवत त्या म्हणाल्या. त्या ऋषी होत्या. "फुडल्या वर्षी राजकन्या तूच. पण माका सखी होवचा आसा. ह्या दाढीन खाज येता."

हंगाम सुरू झाल्यावर कुणकेश्वराच्या बाजूच्या एका जत्रेत भावजींनी माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. डोक्यावर काळाकुळकुळीत टोप. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाणावळीच्या दारात उभे.

"वयनी, फणीत तुझे पांढरे केस येतत ते टाकू नको. माका व्हये. टोपाक लावतंय."

मी आमटी ढवळत राहिले.

"आधी नथ घेवन येवा," मी म्हटलं.