डबीतली दहीसाखर

मेंदूच्या तपासणीसाठी बाबांना घेऊन मी दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. हल्ली ते फार विसरतात. शेजारच्या बाईंनी पर्समधून स्टीलची डबी काढली आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या तळहातावर दहीसाखर ठेवली. "घाबरायचं नाही. सगळं बरोबर सांगायचं हं!" मुलीला वाचताना अक्षरं लागत नाहीत, म्हणून तिला आणलं होतं.

मला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं. रिक्षात मी तरी काय करत होते? तपासणीत विचारतील म्हणून बाबांकडून आजचा वार आणि तारीख घोकून घेत होते.

मुलीला तपासणीसाठी आत न्यायला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "दोन-तीन तास लागतील. चित्रं, ठोकळे, गोष्टी असं सगळं आहे. ती कुठे अडते ते बघायचंय, आणि अडल्यावर वाट कशी काढते तेही. इथे नापास कोणी होत नाही."

जन्मभर आपण अडलेलं झाकतच आलो. ते नीट बघायला कुणी दोन तास शेजारी बसतं, हे केवढं सुख!

तासाभराने मुलगी पाणी प्यायला बाहेर आली. "आई, मला एक आलंच नाही!" तिने आनंदात सांगितलं.

तेवढ्यात दुसऱ्या खोलीतून बाबांना बोलावणं आलं. दाराशी थांबून ते हळूच म्हणाले, "वार कोणता सांगितलास गं?"

ओठांवर आलेला वार मी गिळला. "आठवत नसेल तर तसंच सांगा, बाबा."

"एवढं येईल मला," ते म्हणाले आणि हसत आत गेले.