मावशीचं उरलेलं बोलणं

विद्यापीठाच्या भाषा विभागात तिला सगळे वायरबाई म्हणत. गळ्यात कायम एखादी केबल गुंडाळलेली, खिशात टेस्टर आणि चिकटपट्टी, आणि चालताना मागे काही ना काही लोंबकळणारं. तळमजल्यावरची ध्वनिमुद्रणाची खोली आणि वरच्या मजल्यावरचं सभागृह, दोन्ही तिच्या ताब्यात. सभागृहातला मिक्सर इतका जुना होता, की त्याची कुठली पट्टी वर सरकवली तर कुठला माइक ओरडेल हे तिच्याशिवाय कोणालाच सांगता येत नसे. तिच्या रजेच्या दिवशी लोक घसा ताणून भाषणं करत.

विभागाचे दिवस तेव्हा बरे नव्हते. सामाजिक भाषाविज्ञान शिकवणारे जुने प्राध्यापक निवृत्त झाल्यापासून त्यांची खुर्ची रिकामी होती. कोणत्या थरातली, कोणत्या कामातली माणसं कशी बोलतात आणि का, हा त्या विभागाचा नावाजलेला विषय. तोच शिकवायला धड कोणी उरलं नव्हतं. कुलगुरूंनी शेवटी बजावलं, या वर्षात एखादं मोठं नाव आणा, नाहीतर तुमचा विभाग इतिहासवाल्यांना जोडून टाकतो. इतिहासजमा होणं म्हणजे काय ते आता कळणार, असं शिपायांपासून सगळे एकमेकांना ऐकवू लागले.

विभागप्रमुख मॅडमनी फोन करकरून कान लाल करून घेतले. एका विद्वानाला गाव लांब पडत होतं, दुसऱ्याच्या बायकोची नोकरी आड येत होती, तिसऱ्याने तर आधी राहायच्या घराचे फोटो मागवले आणि ते बघून फोन उचलणंच बंद केलं. मॅडम आणि वायरबाई रोज दुपारी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एकत्र डबा खात. कित्येक वर्षांचा परिपाठ होता तो. मॅडमच्या सगळ्या धडपडीचं पुराण वायरबाईला तिथे थेट त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळायचं. त्यामुळे जेव्हा एक दिवस मॅडम डबा न उघडताच म्हणाल्या, की तो मोठा माणूस यायला तयार झालाय, तेव्हा वायरबाईलाही घरचं कार्य ठरल्यासारखा आनंद झाला.

माणूस खरंच मोठा होता. त्यांचं पुस्तक सगळीकडे अभ्यासक्रमाला होतं. यायच्या आधीच विभागात त्यांना नुसतं 'सर' म्हणायला सुरुवात झाली. एक दिवस त्यांचं जाहीर व्याख्यान, दुसऱ्या दिवशी निवड समितीपुढे मुलाखत, असा बेत ठरला. वायरबाईने सभागृहातले सगळे स्पीकर उतरवून पुसले, खरखरणारी केबल बदलली, पोडियमवरचा माइक सतरा वेळा तपासला.

सर आले ते हसतमुख. दाढी पांढरी, बोलणं मऊ, कोणाला अरे-तुरे नाही. वायरबाईला त्यांनी 'ताई' म्हणून हाक मारली आणि पेनड्राइव्ह हातात दिला. त्यात जुन्या टेपांवरचे आवाजाचे नमुने होते. आपण खूण केली की एकेक लावायचा, म्हणाले, आवाजाची पातळी मी घरीच सारखी करून आणलीय, तुम्हाला त्रास नको. तिला माणूस आवडला.

सभागृह गच्च भरलं. विषय होता, गोंगाटात काम करणाऱ्यांची भाषा. सर सांगत होते, की मोठ्या यंत्रांपाशी वर्षानुवर्षं काम करणारी माणसं प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतात, आणि दुसऱ्यांदा शब्द उलटे फिरवतात. अर्धं वाक्य यंत्राने गिळलं तरी उरलेलं अर्धं पोचावं म्हणून. मागच्या बाजूला मिक्सरपाशी बसलेल्या वायरबाईला हसू आलं. तिची मावशी आयुष्यभर लाँड्रीत राबली होती आणि आजही घरात मीठ मागायचं तरी 'दे मीठ, मीठ दे' असंच म्हणायची. तिची आईही तशीच बोलायची. किती बरोबर पकडलंय यांनी, असं तिच्या मनात आलं.

सरांनी खूण केली. तिने नमुना लावला. टेपची खरखर, मागे यंत्रांची घरघर, आणि त्यातून एका बाईचा चढा आवाज आला.

"मी म्हटलं थांबवा, थांबवा म्हटलं मी. मुकादम बघतोय, बघतोय मुकादम. चादर जातेय आत, आत जातेय चादर. कोणी थांबवेना, थांबवेना कोणी."

एवढंच. सभागृहात हशा पिकला. सर पोडियमवर हात टेकून, हशा ओसरायची वाट पाहत मंद हसत उभे राहिले. इथे लोक हसतात हे त्यांना सवयीचं असावं. मग त्यांनी बोट वर केलं.

"पुन्हा एकदा लावा, ताई. चादरीचं वाक्य नीट ऐका सगळ्यांनी."

वायरबाईचा हात पट्टीवर तसाच राहिला. तो आवाज मावशीचा होता. आजच्यापेक्षा कोवळा, पण मावशीचाच. आणि त्याबरोबर तिला ते सगळं दिसलं. ती शाळकरी पोर असताना त्यांच्या गल्लीत, लाँड्रीच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या त्यांच्या खोलीत, टेपचं काळं यंत्र घेऊन आलेला एक तरणा मुलगा. त्याने तिच्या कानांना हेडफोन लावून दिला होता. तेव्हा लागलेलं आवाजाचं वेड तिला पुढे या नोकरीपर्यंत घेऊन आलं. तो मुलगा म्हणजे हेच सर.

"ताई?" सर म्हणाले.

तिने स्वतःसमोरचा माइक चालू केला. "सर, पुढचं लावू का? ती पुढे काय म्हणाली ते?"

"पुढचं नाहीये. नमुना एवढाच आहे."

"पुढे त्या चादरीबरोबर माझ्या आईचा हात इस्त्रीच्या रोलरमध्ये गेला," ती म्हणाली. "ही माझी मावशी बोलतेय."

सरांचा चेहरा क्षणभर उतरला, नाही असं नाही. त्यांनी हात जोडले. आकड्यांमागे आणि नमुन्यांमागे हाडामांसाची माणसं असतात, आजच्या प्रसंगाने मला नम्र केलं, असं बरंच छान बोलले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. व्याख्यान संपल्यावर टाळ्या थांबता थांबेनात.

चहाच्या वेळी लोक वायरबाईभोवती गोळा झाले. कोणाच्या अंगावर काटा आला होता. एक तरुण प्राध्यापिका म्हणाली, यावर तुम्ही लिहायला हवं. सरांनी किती समजूतदारपणे सांभाळून घेतलं, याचं तर सगळ्यांनाच कौतुक. आम्ही हसलो, असं मात्र त्यांच्यातला एकही माणूस म्हणाला नाही. वायरबाई कपबशी धरून उभी होती आणि तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

मग सर स्वतः आले. त्यांनी मावशीची चौकशी केली. ती अजून आहे आणि अजून तसंच बोलते म्हटल्यावर त्यांचे डोळे लकाकले. म्हणाले, अहो, मग त्यांचं पुन्हा रेकॉर्डिंग घ्यायलाच हवं, इतक्या वर्षांनी तीच व्यक्ती मिळणं फार दुर्मीळ. रद्दीत जुनं नाणं सापडावं तशी त्यांची मुद्रा होती.

वायरबाईने विचारलं, "त्या दिवसाची पूर्ण टेप कुठे आहे?"

ते मोकळेपणाने म्हणाले, त्या काळी टेपा परवडत नसत. कामाचा भाग उतरवून घ्यायचा आणि त्याच टेपवर पुढच्या माणसाचं बोलणं घ्यायचं.

"म्हणजे पुसलंत?"

"तशी पद्धतच होती तेव्हा," सर म्हणाले, आणि कोणीतरी हाक मारली म्हणून तिकडे वळले.

निघायच्या आधी मॅडमनी तिला बाजूला घेतलं. कुलसचिव तापले होते. एवढ्या मोठ्या उमेदवाराला भरसभेत अडवलं, उद्या मुलाखतीआधी माफी मागायला सांगा, असा त्यांचा निरोप होता. मॅडम अजिजीने बोलत होत्या. माणूस वाईट नाही गं, त्यांना काय माहीत कोण कुठे बसलंय ते. दोन शब्द बोलून टाक. ते नाही आले तर विभाग जातो, तुझी खोलीही जाते. वायरबाई केबल गुंडाळत राहिली.

घरी मावशी मटार सोलत बसली होती. वायरबाईने चपलाही न काढता उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. लोक हसले हेही सांगितलं. मावशीला हसण्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तिने एवढंच विचारलं, की पुढचं का नाही लावलं. पुसलं म्हटल्यावर तिचे हात थांबले.

मग मावशीने जे सांगितलं ते वायरबाईला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. अपघातानंतर मालकाने सगळ्यांकडून वदवून घेतलं होतं, की बाईने स्वतःच्या निष्काळजीपणाने हात घातला. मुकादम बटणापाशी उभा होता आणि इस्पितळाच्या चादरी रोलरमध्ये अडकून जळतील म्हणून त्याने यंत्र थांबवलं नाही, हे बोलायची कोणाची छाती नव्हती. त्याच आठवड्यात तो मुलगा टेपचं यंत्र घेऊन आला. विद्यापीठातून आलोय, म्हणाला, तुम्ही बोला, मी सगळं जपून ठेवतो.

"शिकलेला माणूस, लिहील कुठेतरी म्हणून सांगितलं," मावशी म्हणाली. "मुकादमाचं नाव सांगितलं, नाव सांगितलं मुकादमाचं. मालकाचंही सांगितलं. तुझ्या आईला म्हटलं, बघ, आता होईल काहीतरी, काहीतरी होईल आता. ती वाट बघत बसली बिचारी."

काही झालं नाही. आई डाव्या हाताने संसार ओढत राहिली. तिची वेणी वायरबाई घालून द्यायची, ती जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीच्या खोलीत लांब टेबलाभोवती कुलगुरू, कुलसचिव, मॅडम आणि बाहेरून आलेले तज्ज्ञ बसले होते. सर समोरच्या खुर्चीत होते. वायरबाईला बोलावून उभं केलं गेलं. कुलसचिवांनी घसा खाकरला, कालच्या प्रकाराबद्दल यांना काही बोलायचंय, म्हणाले. ती तोंड उघडणार तोच सरांनी हात वर केला. माफीची काही गरज नाही, भावनेच्या भरात होतं असं, मी मनात काहीही ठेवलेलं नाही, असं ते म्हणाले, आणि टेबलाभोवती कौतुकाची कुजबुज झाली.

"मी माफी मागायला आले नाही," वायरबाई म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. "मावशीने तुम्हाला नमुना दिला नव्हता, सर. तिने साक्ष दिली होती. ज्याने यंत्र थांबवलं नाही त्याचं नाव तिने तुम्हाला सांगितलं होतं. आठवतं का तुम्हाला ते?"

सर खरोखर आठवू लागले. कपाळाला आठ्या पडल्या. शेवटी त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"त्या काळात आम्ही शेकडो लोकांशी बोललो, ताई."

"ती माणसं दोनदा बोलतात ते कोणीतरी ऐकावं म्हणून, हे कालच सांगत होता तुम्ही," ती म्हणाली.

बाहेरचे एक तज्ज्ञ खिडकीकडे बघत होते. मॅडम पुढ्यातले कागद जुळवत होत्या, जे आधीच जुळलेले होते. मग कुलसचिव म्हणाले, सुरू करायचं का, आणि शिपायाने तिच्यासाठी दार उघडून धरलं.

सरांची निवड एकमताने झाली. एकमताने म्हणजे मॅडमचंही मत आलंच. ते मॅडमनी स्वतः खाली येऊन सांगितलं, लपवलं नाही. विभाग वाचला, म्हणाल्या, पोरांचे प्रबंध अडकलेत, माझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. वायरबाईने ऐकून घेतलं. तिलाही तो रस्ता दिसत नव्हता, हे खरं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. त्या दिवसापासून तिने डबा गच्चीच्या जिन्यात खायला सुरुवात केली. मॅडम काही दिवस दुपारी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत डोकावत, मग त्याही थांबल्या.

सर रुजू झाले. जिन्यात भेटले की अजूनही मऊ आवाजात 'कशा आहात ताई' म्हणून विचारायचे. मावशीच्या रेकॉर्डिंगचा विषय त्यांनी पुन्हा एकदा काढून पाहिला. तिने तो घरी पोचवला, निरोप म्हणून. मावशी म्हणाली, एकदा सांगितलंय, सांगितलंय एकदा, आणि पंखा वाढवायला सांगितला.

त्यानंतर वायरबाईने एक नियम केला. सभागृहात कोणाचाही आवाज ऐकवायचा असेल, तर त्या माणसाचं संपूर्ण बोलणं आधी तिच्या हातात द्यायचं. ती ते शेवटपर्यंत ऐकणार, आणि मगच त्यातला तुकडा लावणार. पूर्ण नसेल तर लावणार नाही. पहिला फटका सभागृहात भरणाऱ्या सरांच्याच वर्गाला बसला. मुलं बसून राहिली, मिक्सरची पट्टी वर सरकली नाही, आणि सरांना खडू घेऊन फळ्यावर लिहून शिकवावं लागलं. तक्रार कुलसचिवांपर्यंत गेली. त्यांनी तिला बोलावून विचारलं, हा नियम कुठल्या कागदावर लिहिलाय.

"कुठेच नाही," ती म्हणाली.

त्यांनी कारवाईची धमकी दिली. मग दुसरा माणूस आणून मिक्सर चालवून पाहिला. सभागृह अशी काही शिटी मारू लागलं की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांशी आले. कुलसचिवांनी तो विषय फाईलबंद केला. सर आता तुकडे लावत नाहीत. त्यांच्याकडे पूर्ण असं फारसं काही नाहीच. त्यांच्या पुस्तकात मात्र मावशीचं बोलणं अजून तसंच आहे, 'थांबवेना कोणी' इथपर्यंतच, आणि मुलं दरवर्षी ते पाठ करून परीक्षेत लिहितात.