उंदराला कावीळ झाली, पेढे घ्या!

आमच्या लॅबमधले किस्से साठवायला वेगळा फ्रीज लागेल. आहे तो भरलाय, आणि त्यात जेवणाचा डबा ठेवला तर मॅडम अख्खी सातपूर एमआयडीसी डोक्यावर घेतात!

आमचा विषय हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरला चिकटणारी चिवट कावीळ. ती होऊ नये यासाठीची लस केव्हाच आली. ज्यांच्या अंगात विषाणू आधीच ठाण मांडून बसलाय, त्यांच्यासाठी लस शोधतोय आम्ही. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण सायली त्यांच्यातलीच. जन्मतानाच आईकडून आलेला. तब्येत ठणठणीत, पण रिपोर्टचं नाव काढलं की स्थळं चपला शोधायला लागतात. मला म्हणूनच घाई!

*

गंमत अशी, की माणसाची ही कावीळ उंदराला होतच नाही. म्हणून आम्ही एका निरुपद्रवी विषाणूत फेरफार करून त्याचा टेम्पो करतो. त्यात काविळीच्या विषाणूची जनुकं भरायची आणि माल उंदराच्या लिव्हरमध्ये उतरवायचा.

पहिली बॅच फेल! मी घरी तोंड पाडून बसले.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"उंदीर आजारीच पडत नाहीयेत!"

"मग देवाला नमस्कार कर आणि जेवायला बस."

*

दुसऱ्या बॅचचा निकाल शेअर रिक्षात कळला. मी फोनवर ओरडले, "सगळे पॉझिटिव्ह? वा! पेढे आणते!"

शेजारच्या काकू आक्रसून पार कडेला गेल्या. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "ताई, डायरेक्ट हॉस्पिटलला घेऊ का?"

दुकानात पेढेवाला हसत म्हणाला, "मुलगा की मुलगी?"

"उंदीर. कावीळ झाली त्याला."

त्याने पेढे बांधले आणि पैसे लांबूनच काउंटरवर ठेवायला सांगितले.

*

मग लस टोचली. रोज सकाळी गुण आला का बघायला मी पिंजऱ्यांपुढे हजर! उंदरांची देखभाल करणारे बापू सटाण्याकडचे. शेवटी वैतागले.

"ताई, उंदीर शे तो, कुकर नई शे! शिट्टी कशी व्हई?"

*

आता हा किस्सा.

सायलीला निनाद आवडतो, निनादला सायली. त्याला सगळं ठाऊक, त्याच्या घरच्यांना काहीच नाही. त्याचे वडील पंचवटीतले, लग्नं लावणारे गुरुजी. सायली म्हणाली, "साखरपुड्याआधी मीच सांगणार. तू फक्त सोबत ये. आणि भाषण द्यायचं नाही!"

निनादच्या घरी तिने एका दमात सांगून टाकलं. "काका, मला हिपॅटायटिस बी आहे. माझ्यामुळे निनादला लागण होऊ शकते. पण त्याच्यासाठी लस आहे. तीन डोस. सहा महिने लागतात. थांबाल का?"

आतला मिक्सर बंद झाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सायलीने माझ्या पायावर पाय दिला.

गुरुजींनी मुलाकडे बघितलं. "तुझं काय?"

निनादने बाही वर केली. दंडावर छोटी पट्टी होती. "पहिला सकाळीच घेतला, बाबा. हात दुखतोय."

गुरुजींनी चष्मा लावला, पंचांग ओढलं आणि बोटांवर महिने मोजले.

"तिसरा डोस चातुर्मासात येतोय," ते गंभीरपणे म्हणाले.

माझ्या पायावरचा सायलीचा पाय आणखी दाबला गेला.

"बरंच झालं. तेव्हा नाहीतरी लग्नं नसतातच. तुळशीचं लग्न लागलं की पहिला मुहूर्त तुमचा. आणि ए, हात दुखतो म्हणून दुसरा डोस चुकवलास, तर मुहूर्त मी बदलणार नाही, नवरदेव बदलेन!"