सुतानं धरलेलं लोखंड

जळत्या सुताचा वास करपट खरा, पण त्याच्या तळाशी किंचित गोडवा दडलेला असतो. तो कुठेही आला, की सोलापुरातली एक रविवारची संध्याकाळ आठवते आणि छाती आपोआप मोकळी होते.

आमच्या घरात एरवी वास असायचा तो खळीचा, सुताला द्यायच्या त्या आंबूस पेजेचा. दोन खोल्या, दोन माग, आणि उरलेल्या जागेत आम्ही सहा माणसं! माझ्या वडिलांचा, आप्पांचा, उभा जन्म तुटले धागे सांधण्यात सरला, आणि त्या सांधण्यातूनच मी बी.एस्सी. झालो. घराण्यातला पहिला. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पुढे रंग विकणाऱ्या एका कंपनीनं बोलावलं, पण अट घातली स्वतःच्या वाहनाची. आप्पांनी एक माग विकला आणि तिसऱ्या हातची मोटारसायकल दारात आणली. सोमवारी दहाला साहेब गाडी पाहणार, मगच सही करणार होते.

"रंगाच्या डब्यांचं वज्जन पेलतीया का बघू की," म्हणून आप्पांनी रविवारी सकाळी सुताचे गठ्ठे मागे लादले आणि वर स्वतः बसले. गल्लीच्या तोंडाशीच सीटखालचा पाइप कडकन तुटला. मडगार्ड चाकावर टेकलं. विकलेला माग परत थोडाच येणार होता! आप्पांचा चेहरा मला पाहवेना.

मिस्त्रीचं दुकान चारला उघडायचं. तोवर आप्पांनी काय करावं? तुटलेली टोकं समोरासमोर आणली, दोन लाकडी पट्ट्या लावल्या, आणि भेगेच्या दोन्ही अंगांना खळीत बुडवलेलं सूत करकचून गुंडाळलं.

"आप्पा, हे लोखंड आहे, धागा नव्हे!" मी करवादलो.

"तुटलंय तर खरं न्हवं?" एवढंच म्हणून ते गाठ मारत राहिले. सोलापूरच्या उन्हात ती खळ वाळून दगडासारखी घट्ट झाली.

गाडी ढकलत नेली. नरसय्या मिस्त्रीनं आधी टाकी उतरवली, मग वाकून बघितलं. "हे कोण बांदलं हो? तुमी?"

"आप्पांनी," मी ओशाळून म्हणालो.

"तरीच! बी.एस्सी.वाल्याचं काम वाटंना. पाइप केसभर हललं न्हाय बघा. उगं सोडलं असतं तर सीट वाकडंच बसलं असतं." गॅसची ज्योत पेटवून भेगेवर त्यानं वेल्डिंगचे दोन टाके मारले, टाके धरल्यावर सूत कापून काढलं, आणि उरलेले धागे ज्योतीत भुरकन जळाले. तोच तो वास! त्या निळ्या ज्योतीच्या उजेडात आप्पा डोळ्यांवर पंजा धरून उभे होते, आणि माझी पदवी त्यांच्या पाठीमागे मुकाट उभी होती. ज्ञान का केवळ पुस्तकांच्याच आश्रयाला राहतं?

जोड पुरता भरला. नरसय्यानं आप्पांनाच वर बसवलं, "उड्या मारा की!" म्हणाला, आणि आप्पा खरोखरच लहान पोरासारखे सीटवर आदळले. पाइप हूं की चूं करीना.

सोमवारी साहेबांनी सीटवर तळवा दाबून पाहिला. माझ्या नाकात अजून जळलेलं सूत होतं. त्यांनी सही केली, आणि मला नोकरी लागली.